पासवर्ड बरोबर तरी लॉगिन होईना, शेवटी एका मुलाने शोधून काढलं (आयटी सपोर्टचा रिव्ह्यू)

फोर्टला सीएचं ऑफिस आहे आमचं, २२ पीसी आणि एक सर्व्हर, ॲडमिन मी बघते. जुलै महिना, ३१ तारीख डोक्यावर, आणि आमच्या मोठ्या सरांचा आयडी दिवसातून चार-पाच वेळा लॉक. जुन्या एएमसीवाल्याला (वर्षभराच्या देखभालीचा करार असलेला) फोन केला की एकच उत्तर, "अनलॉक केलंय मॅडम, आता बघा". बघितलं की चालायचं, चहा येईपर्यंत परत लॉक. तीन वेळा पासवर्ड रिसेट केला त्याने, सर माझ्यावरच चिडलेले की तुम्ही रोज नवीन पासवर्ड का देताय.

मग लॅमिंग्टन रोडला पहिल्या माळ्यावर बसणारे एक जण आहेत, मैत्रिणीच्या ऑफिसचं काम करतात, त्यांना बोलावलं. ११ ची वेळ दिली आणि त्यांचा मुलगा आला पावणेदोनला, मध्य रेल्वे म्हणे. पाऊस होता खरा, पण एक फोन करायला काय जातं? एक स्टार तिथेच कापला.

आल्यावर मात्र त्याने सरांच्या पीसीला हातच लावला नाही. सरळ सर्व्हरवर बसला, इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही, म्हणजे लॉग) उघडलं आणि ४७४० नंबरची एंट्री शोधली. आयडी लॉक झाला की ती पडते आणि त्यात कुठल्या मशीनमुळे लॉक झाला त्याचं नावही असतं. नाव निघालं रेकॉर्ड रूममधल्या स्कॅनरच्या पीसीचं! तिथे कधीतरी कोणीतरी सरांच्या आयडीने शेअर ड्राइव्ह जोडून पासवर्ड सेव्ह करून ठेवलेला, सरांनी पासवर्ड बदलला पण हा पीसी बिचारा जुनाच पाठवत बसला, पाच चुका झाल्या की आयडी लॉक. म्हणजे जुना एएमसीवाला जितके रिसेट मारत होता तितकं ते आणखी बिघडत होतं. त्या पीसीच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून (सेव्ह केलेले पासवर्ड असतात ती जागा) ती एंट्री उडवली, मोजून दोन मिनिटं.

मी बाजूला खुर्ची ओढून बसले होते, न विचारता समजावत होता. स्क्रीनवर "युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा" एवढंच दिसतं, पण लॉगमध्ये फसलेल्या लॉगिनची ४६२५ नंबरची एंट्री पडते, तिच्यात कोड असतो, शेवट ६ए असेल तर पासवर्ड चुकला, ६४ असेल तर त्या नावाचा युजरच नाही (म्हणजे नावात टायपो), २३४ असेल तर आयडी आधीच लॉक आहे. मी डायरीत लिहून घेतलंय.

रिसेप्शनच्या पीसीचं दुखणं वेगळंच. तिथली मुलगी रोज सकाळी नेटवर्कची वायर काढून लॉगिन करायची आणि मग वायर लावायची, हा जुगाड तिला जुन्या एएमसीवाल्यानेच शिकवलेला!! वायर नसली की विंडोज आधीच्या लॉगिनची जपून ठेवलेली माहिती वापरतं म्हणून ते चालायचं. या नव्या मुलाने नुसतं पीसीचं घड्याळ बघितलं. तारीख २०१५ ची. मदरबोर्डवरचा सेल मेलेला, आमची शिपाई मावशी रात्री मेन स्विच बंद करते, की सकाळी घड्याळ मागे. सर्व्हर आणि पीसीच्या वेळेत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की कर्बेरॉस (सर्व्हरवर ओळख तपासायची पद्धत) लॉगिनच देत नाही, इथे तर वर्षांचा फरक. सीआर२०३२ चा सेल टाकला, घड्याळाच्या दुकानात मिळतो तोच.

व्हिजिट चार्ज १२०० घेतला, सेलचे ५० वेगळे. आमच्या सरांना जास्त वाटले, "सेल बदलायचे १२०० का" वगैरे, मी म्हटलं सर तुमचा आयडी तेव्हापासून एकदाही लॉक झालेला नाही. बिल मात्र चार दिवस झाले, अजून मेलवर आलेलं नाही, सीएच्या ऑफिसला बिलाशिवाय कसं चालेल, रोज व्हॉट्सॲप करतेय. चार स्टार, बिल आल्यावर बघू.