गलोल की दोरी? अँग्री बर्ड्स आणि कट द रोप

हे दोन्ही मोबाइलवरचे खेळ बोटभर हालचालीचे, दोन्हींत गुरुत्वाकर्षण हाच खरा गडी. तरी गोडी वेगळी.

फिनलंडच्या रोव्हिओ कंपनीचा अँग्री बर्ड्स २००९ च्या डिसेंबरात आला. गलोल ताणायची, पक्षी सोडायचा, समोरच्या डोलाऱ्यातली डुकरं टिपायची. गलोलीने कैऱ्या पाडलेल्या माणसाला काही शिकवावं लागत नाही. आधीच्या फेकीची ठिपक्यांची वाट पडद्यावर राहते, त्यामुळे पुढची फेक किंचित वर की खाली हे कळतं. पिवळा पक्षी लाकूड फोडतो, निळ्याचे तीन होऊन काच फुटते. पण खरा आनंद नेम साधल्यानंतरचा: एक फळी सरकते, वरचा दगड डुगडुगतो आणि सगळा डोलारा कोसळतो. एखादं डुक्कर मात्र ढिगाऱ्यात सुखरूप उरतं, आणि आपण लगेच पुन्हा गलोल ताणतो.

कट द रोप हा रशियात सुरू झालेल्या झेप्टोलॅब कंपनीचा, २०१० चा. ओम नॉम या हिरव्या खादाड पिल्लाच्या तोंडात खाऊची गोड गोळी पोचवायची. गोळी दोरीला लंबकासारखी झुलते. झोक्याच्या टोकाला दोरी कापली तर ती जवळपास सरळ खाली पडते, मध्यावर कापली तर लांब जाते. झोपाळ्यावरून उडी मारणाऱ्या पोरांना हे पाठच असतं. वाटेतले तीन तारे गोळा करायचे तर कुठली दोरी आधी, हा विचार आलाच.

मला कट द रोप उजवा वाटतो. अँग्री बर्ड्समध्ये कधीकधी नशिबाने पडझड होऊन जिंकता येतं; इथे गोळी चुकली तर नेमका कुठला क्षण हुकला ते दिसतं. दमून घरी आल्यावर मात्र हात गलोलीकडेच जातो.