जुनी इम्पोर्टेड गिअरची सायकल घेताय? आधी क्रँकचा बोल्ट खोलायला लावा

हे लिहितोय ते खास खेड्यातल्या लोकांसाठी, ज्यांची पोरं तालुक्याला शिकायला जातात आणि ज्यांना कोणीतरी जुनी बाहेरदेशची गिअरची सायकल स्वस्तात देतो म्हणून सांगून रायलंय. आम्हाला नागपुरातल्या एका दुकानदाराने जसं फसवलं ते वरून पाहून कळतच नाही. सायकल पुसून चकाचक, कलर चांगला, ब्रेक चांगले, गिअर टकाटक पडतात, आणि खोट लपवलेली असते क्रँकच्या (पायडल ज्याला लागते त्या दांड्याच्या) आत, जिथे कोणी पाहत नाही.

पुतण्या आर्वीला आयटीआयला जातो. गाव रोडपासून आत, एसटीचा टाइम आणि त्याचा टाइम कधी जुळत नाही. कापूस विकल्यावर भावाने साडेतेरा हजार काढले आणि आम्ही नागपूरला गेलो. दुकानदार गोड बोलणारा. म्हणे, "काका, जपानी माल आहे, स्प्लाइनचा क्रँक, तुमच्या गावच्या सायकलीसारखी कॉटरची कटकटच नाही, दहा वर्ष हात लावू नका." पक्कं बिल नाही म्हणाला, कोऱ्या कागदावर आकडा लिहिला. मी त्याच्याकडून त्यावर सायकलचं नाव, फ्रेम नंबर, तारीख आणि सही घेतली, आणि पुढे तोच कागद कामाला आला.

थोड्या दिवसांनी पायडल मारताना डाव्या बाजूने खट खट आवाज सुरू झाला. फोन केला तर म्हणे नवीन ग्रीस आहे, बसेल हळूहळू. मग एक दिवस पुलगाव रोडवर चढाला पोट्टा उभा राहून पायडल मारत होता आणि डावा क्रँक पायासकट निसटला. कोपर फुटलं, गुडघ्याला टाके पडले. मागून कापसाची मेटाडोर येत होती, त्या ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक मारला म्हणून पोरगं आज घरात आहे. हे आठवलं की अजून डोकं सरकते माझं.

सायकल घेऊन नागपूर गाठलं. दुकानदार म्हणे तुमच्या पोराने दणकट चालवली, पण तुम्ही लांबून आले तर मी नवीन ओरिजिनल एक्सल (दोन्ही क्रँक जोडणारा मधला आस) आणि डावा क्रँक टाकून देतो, २,२०० द्या. आम्हाला आत येऊ दिलं नाही, काम मागच्या खोलीत केलं, जुने पार्ट मागितले तर भंगारात गेले म्हणाला. घरी आणून पंधरवडाही झाला नसेल, परत तोच आवाज.

आता क्रँक कसा बसतो हे सांगतो, कारण ते माहीत नसल्यामुळेच या लोकांचं फावते. आपल्या साध्या सायकलीत एक्सलला खाच असते आणि कॉटर पिन ठोकली की क्रँक पक्का, ढिला झाला तर गावातला मिस्त्री नवी पिन ठोकून देतो. त्याच्या पुढचा प्रकार चौकोनी एक्सल, टोकाला निमुळता, बोल्ट आवळला की क्रँक रुतत जातो. स्प्लाइनचं तसं नाही. ट्रॅक्टरच्या पीटीओला सहा दाते असतात ना, तसेच दाते एक्सलला आणि त्यांच्या मापाच्या खाचा क्रँकमध्ये. दाते खाचेत पुरते बसले तरच पकड. एक्सल स्टीलचा आणि क्रँक अ‍ॅल्युमिनियमचा, त्यामुळे जरा ढिला राहिला की स्टील अ‍ॅल्युमिनियमला खात जाते, आणि एकदा खाचा खाल्ल्या गेल्या की तो क्रँक मेला, कितीही आवळा.

आणि स्प्लाइनमध्येही एक प्रकार नाही. शिमानो या जपानी कंपनीचा ऑक्टालिंक, त्याला ८ दाते, १९९६ च्या सुमारास आला. त्यातही दोन, पहिल्याचे दाते साधारण ५ मिमी लांब आणि दुसऱ्याचे ९ मिमी, एकाचा क्रँक दुसऱ्याच्या एक्सलला चालत नाही. शिवाय क्रिस किंग, रेस फेस आणि ट्रुव्हाटिव्ह या कंपन्यांचा आयसिस, त्याला १० दाते, तो ऑक्टालिंकला लागतच नाही. २००३ पासून शिमानोने हळूहळू सगळं हॉलोटेक टू वर (त्यात एक्सल उजव्या क्रँकलाच पक्का असते) नेलं, म्हणून जुने पार्ट मिळणं अवघड, आणि ठगांना हेच पाहिजे असते.

शेवटी अमरावतीला एका मिस्त्रीदादाकडे नेली, त्यांच्याकडे बरोबर पुलर (क्रँक ओढून काढायचं अवजार) होता. हेही लक्षात ठेवा, चौकोनी एक्सलच्या पुलरचं टोक बारीक असते, ते स्प्लाइनच्या पोकळ एक्सलमध्ये नुसतं घुसते, क्रँक निघत नाही आणि जोर लावला तर क्रँकचे आटे तेवढे जातात. त्यांनी आमच्यासमोर खोललं, मी व्हिडिओ काढला. डाव्या क्रँकच्या खाचा गुळगुळीत, त्यात थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून कोंबलेला, त्यावर इपॉक्सी (घट्ट होणारा गोंद) आणि वरून काळं ग्रीस थापलेलं. क्रँकच्या मागे नंबर एफसी-एम५१०, म्हणजे लांब दात्यांचा. एक्सलच्या कार्ट्रिजवर (एक्सल आणि बेअरिंगचा बंद डबा) बीबी-५५००, म्हणजे रोड सायकलचा, आखूड दात्यांचा. दोघांचा एकमेकांशी संबंधच नाही, हातोडीने बसवलेला. कार्ट्रिज फ्रेममध्ये धरणाऱ्या कपच्या २० खाचांवर छन्नीचे घाव, म्हणजे बरोबर पाना वापरलेलाच नाही. आणि तो "नवीन" एक्सल? पोरगं पडलं त्या दिवशी आम्ही फोटो काढले होते, त्यात कपवर जो गंजाचा डाग आणि छन्नीचा घाव दिसते तोच याच्यावर. २,२०० घेऊन त्याने फक्त पत्रा आणि इपॉक्सी भरलं होतं! एका लेकराचा जीव या माणसाला एवढाच महाग वाटला.

मिस्त्रीदादांनी सांगितलं तेच सांगतो. घेताना दुकानदाराला म्हणा दोन्ही बाजूचे बोल्ट काढ आणि क्रँक ओढून दाखव. त्याच्याकडे पुलर नसेल तर ती सायकल त्याने नीट जुळवलीच नाही असं समजा. क्रँकमागचा नंबर आणि कार्ट्रिजवरचा नंबर दोन्हीचे फोटो घ्या आणि जुळतात का ते शोधा. दोन्ही क्रँक हातात धरून आडवे हलवा, एक्सल न हलता एकच क्रँक हलला तर उठून या. खाचांत चमकणारा पत्रा, पांढरा किंवा राखाडी गोंद दिसला की विषय संपला. आणि कोणी म्हणालं की क्रँक एक्सलला वेल्डिंग करून देतो (आम्हाला तालुक्यात एकाने म्हटलंच), तर ऐकू नका, अ‍ॅल्युमिनियम आणि स्टीलचं असं वेल्डिंग धरत नाही. बसवताना दाते खाचेसमोर आणून हाताने बसवायचे, मग बोल्ट आवळायचा, ३५ ते ५० न्यूटन मीटर (हे आवळायच्या जोराचं माप). वाकडा बसवून बोल्टाने ओढला तर नवाकोरा क्रँकही तिथेच खराब होते.

व्हिडिओ दाखवला तर दुकानदार म्हणे तुम्हीच काहीतरी केलं, आणि फोन बंद. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार दिली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात केस टाकता येते, म्हणजे आम्हाला नागपूर नाही, वर्धा चालते, ५ लाखांपर्यंत फी नाही, आणि मुदत दोन वर्ष. केस टाकली आहे, सोबत तो सहीचा कागद, फोटो, व्हिडिओ आणि डॉक्टरची चिठ्ठी लावली. पत्रा आणि तो क्रँक पिशवीत सील करून ठेवले आहेत.

सायकलीला आता चौकोनी एक्सलचा सेट बसवला, कार्ट्रिज आणि क्रँक दोन्ही एकाच मापाचे, त्याचे पार्ट आर्वीतही भेटतात. कोणाची अशीच जुनी सायकल खट खट करत असेल तर आज तिच्यावर पोराला पाठवू नका राजेहो, आधी खोलून पाहा, आणि आत पत्रा निघाला तर फेकू नका, फोटो काढा आणि जपून ठेवा. अजून कोणी फसलं असेल तर त्यांच्या आणि आमच्या तक्रारी मिळून आयोगासमोर जास्त वजन पडेल.