दंड साडेतेरावरून बारा इंच: डंबेल्स आणि रबरी बँडचा दहा महिन्यांचा अनुभव

संक्रांतीच्या आठवड्यात सुरुवात केली होती, आता नोव्हेंबर संपत आला. मधे नागपूरचा अख्खा उन्हाळा गेला, महालक्ष्म्यांचं जेवण झालं, दिवाळीचा फराळ झाला. एवढं सगळं पार पडल्यावरही जे टिकलं, तेच इथे लिहिते आहे.

घेतलेल्या वस्तू अशा: २ किलो आणि ३ किलोच्या डंबेल्सची प्रत्येकी एक जोडी, वरून प्लास्टिकचं कोटिंग असलेली. जुलैमध्ये ५ किलोची रबराची षटकोनी जोडी. एक लेटेक्सचा बँड, म्हणजे ओढून व्यायाम करायची रबरी पट्टी, तो तुटल्यावर दुसरा. आणि घाम आणणाऱ्या काळ्या बाह्यांची एक जोडी, तिच्याबद्दल पुढे सांगते.

माझं वय ४६, उंची पाच फूट दोन इंच. शाळेत गणित शिकवते. वजन ७४ किलो होतं, आज ६५ आहे. दंडाचा घेर साडेतेरा इंच होता, आज बारा.

दंडांचंच एवढं मनाला लागण्याचं कारण म्हणजे फळा. दिवसातले तीन-चार तास माझा उजवा हात खांद्याच्या वर असतो. लांब उदाहरण लिहिताना दंडाखालचं मांस हलतंय हे मला स्वतःला जाणवायचं, आणि पाठीमागे पन्नास मुलं बसलेली. म्हणून कित्येक वर्षं मी सगळ्या ब्लाऊजना कोपरापर्यंत बाह्या शिवून घेतल्या. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत कोपरापर्यंत बाही म्हणजे काय, हे इथल्या बायकांना सांगायला नको.

सहा वर्षांपूर्वी मी एकदा आठ किलो वजन उतरवलं होतं. रोज सकाळी अंबाझरी तलावावर चालायला जायचं आणि रात्रीचं जेवण बंद, एवढाच कार्यक्रम. काटा खाली आला, पण दंड लोंबायला लागले. घेर कमी झाला होता, तरी हात आधीपेक्षा वाईट दिसायचा. दीड वर्षात सगळं वजन परत आलं. तेव्हा मला वाटलं, आपली कातडीच अशी. खरं कारण वेगळं होतं. अर्धपोटी राहून नुसतं चालत वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातो. आतला भराव गेला आणि वरची कातडी तेवढीच राहिली, तर ती लोंबणारच. त्यात वयाप्रमाणे स्नायू आपोआप कमी होत असतो, ते वेगळं.

म्हणून या वेळी कामं वाटून दिली. चरबी उतरवायचं काम जेवणाचं, आणि ती उतरत असताना स्नायू सांभाळायचं काम डंबेल्सचं. या दोन्हींची गल्लत झाली की पैसे वाया जातात, आणि बाजारात नेमकी तीच गल्लत विकली जाते. डंबेल हलवल्याने दंडाचीच चरबी जळते असं होत नाही. शरीर लागणारी चरबी सगळीकडून उचलतं. कुठून आधी आणि कुठून शेवटी, हे हार्मोन्स आणि घराण्याची ठेवण ठरवते. टेनिसपटूंचा एक अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. वर्षानुवर्षं एकाच हाताने रॅकेट मारणाऱ्यांचे दोन्ही हात तपासले. खेळायच्या हाताचे स्नायू मोठे होते, पण कातडीखालच्या चरबीचा थर दोन्हीकडे सारखाच. हे वाचलं आणि माझ्या मनातला पुष्कळ गोंधळ मिटला.

तो मिटायच्या आधी मात्र मी पैसे घालवून बसले होते. शहरात एका ठिकाणी 'इंच लॉस'च्या आठ सिटिंगमध्ये दंड दोन इंच कमी करून देऊ म्हणाले. पैसे आधी. दंडाला गरम पट्टा गुंडाळून ठेवायचे, मग मालिश, मग मोजमाप. तिसऱ्या वेळी त्या मुलीने टेप लावला आणि मला दिसलं की पहिल्या दिवशी तिने तो काखेजवळ लावला होता, आज दोन बोटं कोपराकडे. टेपचा पीळही जास्त होता. अर्धा इंच कमी झाला म्हणाली. मी तिला परत वर लावायला सांगितलं, तर घेर जेवढ्यास तेवढा. राहिलेल्या सिटिंगचे पैसे त्यांनी परत दिले नाहीत. मला आजही त्याचा राग आहे, कारण तिथे येणाऱ्या कितीतरी मुली पहिल्या पगारातून पैसे भरताना मी पाहिल्या.

तेव्हापासून मोजायची पद्धत मी ठरवून टाकली. खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक, या दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करायची. हात सैल सोडायचा, टेप कातडीला टेकेल पण रुतणार नाही इतपत. महिन्यातून एकदा, सकाळी, व्यायामाच्या आधी. व्यायामानंतर स्नायूत रक्त भरून घेर थोडा वाढलेला दिसतो, तेव्हा मोजू नये.

आता व्यायाम. दंडाच्या पुढच्या बाजूला बायसेप्स असतो, सगळे तोच फुगवून दाखवतात. पण दंडातल्या स्नायूंचा साधारण दोन-तृतीयांश भाग मागच्या ट्रायसेप्सचा असतो, आणि लोंबतो तो भागही मागचाच. ट्रायसेप्सला तीन डोकी, म्हणजे हाडाला जोडलेली तीन टोकं. त्यातलं लांब डोकं थेट खांद्याच्या पात्याला जोडलेलं असतं, म्हणून हात डोक्याच्या वर नेल्याशिवाय त्याला पुरता ताण बसत नाही. मला सगळ्यात जास्त फरक याच एका प्रकाराने जाणवला: एक डंबेल दोन्ही हातांनी धरून डोक्यामागे हळूहळू खाली न्यायचं, कोपरं कानांजवळ, आणि मग हात सरळ करत वर. खाली नेताना मनात तीन अंक मोजायचे. घाईघाईत खाली सोडलं तर अर्धा व्यायाम वाया.

दुसरा ओट्यावरचा पुश-अप. जमिनीवर मला एकही जमत नव्हता. भिंतीला धरून सुरू केलं, महिन्याभराने स्वयंपाकघराच्या ओट्यावर आले. कुकर लावला की कडप्प्याच्या कडेवर तळवे टेकवायचे, पाय मागे न्यायचे आणि छाती ओट्याजवळ नेऊन परत यायचं. पहिली शिट्टी व्हायच्या आत आठ, शेवटची व्हायच्या आत आणखी आठ. फरशी ओली असेल तर करू नका. माझा पाय एकदा सरकला होता, हनुवटी थोडक्यात वाचली.

बाकी पलंगाला एक हात टेकवून वाकून हात मागे सरळ करणं, डंबेल कमरेकडे ओढणं, खांद्यावरून वर ढकलणं आणि बायसेप्सचा एकच सेट. आठवड्यातून तीन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं. प्रत्येकाचे दोन-तीन सेट, दहा-बारा वेळा. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. २ किलो जर पंचवीस-तीस वेळा सहज उचलता येत असेल, तर ते वजन आता तुमच्या दंडाला पुरत नाही, पुढचं घ्या. स्टाफरूममध्ये मला दोघीतिघींनी सांगितलं, 'अवं बाई, पुरुषासारखे दंड होतील.' नाही होत. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने फारच कमी असतं, घरी तीन-पाच किलो उचलून कुणाचे गोळे फुगत नाहीत.

चूकही केली. जुलैमध्ये ५ किलोची जोडी आली आणि मी सगळेच प्रकार एकदम ३ वरून ५ वर नेले. दहाव्या दिवशी कोपराच्या टोकाशी दुखायला लागलं. खडू धरून हात वर करताना कळ यायची. फिजिओथेरपिस्टने दोन आठवडे बंद करायला लावलं, मग पुन्हा २ किलोपासून. आता दोन्ही हातांनी धरायच्या प्रकाराला ५ किलो, एका हाताच्या प्रकारांना अजूनही ३.

बँडबद्दल नागपूरकरांनी विशेष लक्ष द्यावं. वस्तू चांगली आहे. प्रवासात, माहेरी गेलं तरी पर्समध्ये मावते. पण लेटेक्सला ऊन आणि उष्णता चालत नाही. माझा बँड गच्चीच्या दारामागे खिळ्याला टांगलेला असायचा, दुपारचं ऊन तिथपर्यंत यायचं. ऐन नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, एका पहाटे ओढताना तो मधोमध तुटला आणि मनगटापासून कोपरापर्यंत लाल वळ उठला. चेहऱ्यावर बसला असता तर डोळा गेला असता. तुटलेला तुकडा पाहिला तर त्यावर बारीक बारीक भेगा होत्या, महिनाभर तरी असतील. आता दुसरा बँड टाल्कम पावडर लावून कपाटात ठेवते आणि दर वेळी ओढायच्या आधी खिडकीशी धरून बघते.

घाम आणणाऱ्या बाह्या अजिबात घेऊ नका. एप्रिलमध्ये दोन आठवडे वापरल्या. काढल्यावर दंड बारीक वाटायचा, दोन ग्लास पाणी प्यायल्यावर पहिल्यासारखा. घामातून पाणी जातं, चरबी नाही. वर घामोळ्या आल्या त्या जून लागेपर्यंत होत्या.

जेवणात उपास केला नाही. पोळी-भात थोडा कमी, गोड आठवड्यातून एकदा, आणि प्रथिनं मोजून. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे तेव्हा मला साठेक ग्रॅम. वजन उतरवत असताना व्यायामही असेल तर त्याहून जास्त घ्यावीत असं सांगतात. मी माझं जेवण आठवडाभर वहीत मांडलं तर चाळीसच्या पुढे जात नव्हतं. सकाळी तर्री-पोहे, दुपारी पातळ वरण, रात्री पोळी-भाजी. यातून ती येणार कुठून? आता वरण घट्ट, सकाळी दोन अंडी, दुपारी दही, आठवड्यातून दोनदा सोयाबीन वडी. रविवारी सावजी सोडलं नाही. तेलाची तर्री बाजूला काढते, मांस खाते. पहिल्या चार महिन्यांत पाच किलो गेले, मग दोन महिने काटा जागचा हलला नाही, पावसाळ्यात पुन्हा हलला. गंमत अशी की काटा थांबलेल्या त्या दोन महिन्यांतही दंडाचा घेर पाव इंच कमी झाला.

महालक्ष्म्यांसाठी ब्लाऊज शिवायला टाकायला गेले तेव्हा टेलर भाऊंनी दंडाला टेप लावला, वहीत पाहिलं, परत लावला. 'मॅडम, दंड कमी झाला ना तुमचा. काय करून राहिल्या?' माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. जुने चार ब्लाऊजही बाह्या आत घ्यायला दिले. आतली माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, मात्र कापू नका म्हटलं. सहा वर्षांपूर्वी कापायला लावली होती, आणि वजन परत आल्यावर ते सगळे ब्लाऊज मोलकरणीला द्यावे लागले. या वेळी नवीन ब्लाऊजची बाही चार इंचांचीच शिवली.

जे झालं नाही तेही सांगते. काखेजवळ, आतल्या बाजूला, कातडी अजून सैल आहे. हात आडवा पसरला की दिसते. वय, आधी एकदा उतरवून पुन्हा वाढलेलं वजन, दोन्हींचा तो परिणाम. क्रीम लावून ती घट्ट होत नाही, मी दोन बाटल्या संपवल्या. वजन हळू उतरलं तर कातडीला आवळायला थोडा वेळ मिळतो एवढंच. फारच जास्त असेल तर ऑपरेशन असतं, त्यात काखेपासून कोपराकडे लांब व्रण राहतो. मला ते नको. फळ्यावर लिहिताना आता हलत नाही, मला तेवढं हवं होतं.

एक काळजीपोटी सांगते. फक्त एकच दंड सुजला असेल, विशेषतः स्तनाच्या ऑपरेशननंतर, किंवा हात दाबल्यावर दुखत असेल, जरा लागलं की काळंनिळं पडत असेल आणि वजन कमी होऊनही तो भाग तसाच राहत असेल, तर डंबेल घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

खरेदी करणाऱ्यांसाठी: बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, प्रत्यक्ष जाऊन हातात धरून घ्या. माझी २ आणि ३ किलोची जोडी मी तिथूनच आणली. दुकानदार स्वस्तातला प्लेट बदलायचा सेट माझ्या गळ्यात मारत होता. माझ्या भावाकडे तसा आहे, प्लास्टिकच्या प्लेटला तडा जाऊन आतली सिमेंटची भुकटी फरशीवर सांडते. रबराचे षटकोनी डंबेल महाग पडले, पण गडगडत जात नाहीत. नवे असताना आठवडाभर रबराचा उग्र वास येतो, गच्चीत सावलीत ठेवले की जातो. प्लास्टिक कोटिंगवाले घामाने निसटतात, हातरुमाल जवळ ठेवा. खाली जुनी सतरंजी घाला.

२ किलोची जोडी मागच्या आठवड्यात जावेला दिली. तिने भिंतीवरच्या पुश-अपपासून सुरुवात केली आहे, आणि पेनाची खूण कुठे करायची ते मी स्वतः करून दाखवलं.