अलिबाग की मालवण? जुन्या वास्तू बघायला निघालेल्या नागपूरकरांसाठी

समुद्र बघायचा, पण नुसतं वाळूत बसून राहायचं नाही, जुनं काही बघायचं, असं ठरलं की घरात दोन नावं हमखास निघतात: अलिबाग आणि मालवण. दोन्हीकडे पाण्यात किल्ला आहे, म्हणून कुठेही गेलं तरी सारखंच, असं वाटतं. तसं नाही.

आधी प्रवास, कारण आपल्याकडून निघालं की अर्धी सुट्टी तोच खातो. अलिबागला जायचं तर रात्रीच्या गाडीने मुंबई, गेटवेवरून मांडव्याची लाँच आणि पुढे बस. मालवणला रेल्वे नाही. कुडाळला उतरायचं आणि तिथून तीसेक किलोमीटर रस्त्याने जायचं. नागपूर-मडगाव विशेष गाडी कुडाळला थांबते, पण ती रोजची नव्हे, तेव्हा वेळापत्रक बघूनच रजा टाका.

किल्ल्यापुरतं बोलायचं तर मालवणचा सिंधुदुर्ग निर्विवाद मोठा. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं. वळणं घेत गेलेल्या तटात दरवाजा असा दडवलाय की होडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, चारी बाजूंना खारं पाणी असूनही गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत आणि काही कुटुंबं आजही तिथे राहतात. सीताबर्डीचा किल्ला वर्षातल्या मोजक्या दिवशीच उघडा मिळणाऱ्या आपल्याला हे नवलच.

अलिबागचा कुलाबा किल्ला आटोपशीर आहे. काम १६८० चं, नाव गाजलं ते आंग्र्यांच्या काळात. तटाचे दगड चुन्याशिवाय रचलेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. खरी मजा मात्र चालत जाण्यात आहे, आणि त्यासाठी तिथी बघावी लागते. पौर्णिमा-अमावस्येला समुद्र खूप मागे हटतो, पण ओहोटी येते पहाटे आणि संध्याकाळी. अष्टमीच्या सुमारास ती दुपारी मिळते, पण पाणी पुरतं हटत नाही. आपल्याला अंबाझरीच्या काठाची सवय, पाणी वेळ पाळतं हे ध्यानातच येत नाही. तेव्हा परतीची वेळ स्थानिकांना विचारूनच पाय टाका, नाहीतर होडी शोधत बसावं लागेल.

गावात फिरायचं असेल तर माझं मत अलिबागला. इथली चुंबकीय वेधशाळा १९०४ ची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथल्या कुलाबा वेधशाळेचं काम इकडे हलवलं, कारण विजेमुळे चुंबकीय नोंदी बिघडल्या असत्या. ती आजही चालू आहे, त्यामुळे सहलीचं ठिकाण समजून आत शिरू नका. इस्रायल आळीत बेने इस्रायली ज्यूंचं मागेन आबोथ हे प्रार्थनास्थळ आहे. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आली, तेलाचे घाणे चालवत आली आणि शनिवारी काम बंद ठेवायची म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवली गेली. कान्होजी आंग्र्यांची समाधीही गावातच आहे.

मालवण गावात अशा इमारती फारशा नाहीत. तिथलं वैभव माणसांच्या जमण्यात आहे. दिवाळीनंतर देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि रात्र-रात्र दशावतार हे तिथलं लोकनाट्य रंगतं. जवळच्या आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा तर कुठल्या ठरलेल्या तिथीला नसते. गावकरी देवीचा कौल घेऊन तारीख ठरवतात. ती साधायची म्हणजे आरक्षणाची घाईच. जेवणात मालवणी मसाला, पण सावजी पचवणाऱ्याला तो सौम्यच वाटेल.

चार दिवस हाताशी असतील तर अलिबाग. आठवडा मिळत असेल आणि रात्र जागायची तयारी असेल तर मालवण. गुडघे दुखणारे आजी-आजोबा सोबत असतील तर ओहोटीच्या निसरड्या खडकांवर त्यांना चालवू नका, कुलाबा किल्ल्यावरही होडीनेच न्या. आणि पावसाळ्यात दोन्ही बेत सोडा. सिंधुदुर्गच्या होड्याही बंद असतात आणि मांडव्याच्या लाँचही.