जॉली बॉयचे पैसे घेतले आणि नॉर्थ बेला नेलं

अंदमान सहलीचं एक रंगीत पत्रक आमच्या भागात पुन्हा फिरायला लागलंय. आठवडी बाजारात वाटतात, बचत गटांच्या ग्रुपवर टाकतात, एका गावात तर सप्ताहाच्या मंडपात पंगतीच्या वेळी वाटलं म्हणे. त्यात "राष्ट्रीय उद्यानातल्या बेटांमधून दिवसभराची बोट सफर" अशी ओळ दिसली, तर पैसे देण्याआधी हे वाचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या गावातून वीस-बावीस जण या सहलीला जाऊन आलो. बाकी सहल बरी झाली. पण ज्या सफरीचे वेगळे पैसे घेतले ती मिळाली नाही, आणि पत्रक छापलं त्या दिवशीच ती मिळणार नाही हे ठरलेलं होतं.

सहल काढणारा माणूस आपल्याच भागातला. तालुक्याला बसस्टँडच्या मागे त्याचं ऑफिस आहे, त्याच्या वडिलांना आमच्या गावातले म्हातारे ओळखतात. फसवणारा पुण्या-मुंबईचा असतो, इंग्रजी बोलतो, असं डोक्यात असेल तर काढून टाका. हा घरी येऊन ओट्यावर बसला, चहा प्याला, माझ्या सासूबाईंच्या पाया पडला. "पैशाची घाई नाही जी. सोयाबीन विकलं की द्या, कापसाचा पहिला वेचा झाला की बाकीचे द्या." माणशी छत्तीस हजार ठरले. सेवाग्रामहून रेल्वेने चेन्नई, तिथून विमान. म्हाताऱ्या मंडळींना सेल्युलर जेल पाहायचा होता, सावरकर 1911 पासून दहा वर्षं ज्या जेलात होते ती कोठडी पाहायची होती. सासूबाईंचं म्हणणं साधं होतं. आयुष्यात सगळ्यात मोठं पाणी पाहिलं ते अरुणावती धरणाचं, आता एकदा समुद्र पाहून येते.

पैसे बहुतेक भरून झाल्यावर त्याने दुसरा हप्ता काढला. माणशी आणखी दोन हजार आठशे. "उद्यानाचा परवाना अन् बोट. सरकारी काम हाय माय, परवान्याशिवाय पायच ठेवू देत नाहीत तिथं. आता नाही भरले तर नंबर जाते." आमच्या ह्यांनी विचारलं, हे आधी काहून नाही सांगितलं? तर म्हणे, परवाना प्रत्येकाच्या आधारकार्डावर निघतो, म्हणून वेगळा घ्यावा लागतो. सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स घेतल्या. झेरॉक्स घेतल्या म्हणजे काम पक्कं, असं लोकांना वाटलं. पैसे रोख, नाहीतर त्याच्या बायकोच्या नंबरवर फोनपे.

यातली मेख अशी की त्याचं अर्धं बोलणं खरं होतं. परवाना खरंच लागतो, ओळखपत्राची प्रतही लागते. म्हणून आधी खरी गोष्ट काय आहे ती सांगते, म्हणजे खोटं कुठून सुरू होतं ते कळेल.

पत्रकातलं उद्यान म्हणजे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान. 1983 साली झालेलं, साधारण 281 चौरस किलोमीटरचं, त्यात पंधरा बेटं. प्रवाशांना सगळ्या बेटांवर सोडत नाहीत. जॉली बॉय आणि रेड स्किन या दोनच बेटांवर नेतात, तेही आळीपाळीने. साधारण नोव्हेंबर ते मे जॉली बॉय, पावसाळ्याच्या महिन्यांत रेड स्किन. प्रवाळांना विश्रांती मिळावी म्हणून ही व्यवस्था. बोट सुटते वंडूर नावाच्या गावाहून. ते पोर्ट ब्लेअरपासून (सरकारी नाव आता श्री विजयपुरम) पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे, गाडीने तास-पाऊण तास लागतो. वनखात्याचा परवाना वेगळा आणि बोटीचं तिकीट वेगळं. धक्क्यावर बॅगा उघडून तपासतात. प्लास्टिकची पिशवी, बिस्किटाचा पुडा, पाण्याची साधी बाटली काही नेता येत नाही. जॉली बॉयवर धक्काही नाही. मोठी बोट थोडी लांब थांबते आणि तळाला काच असलेल्या छोट्या होडीतून किनाऱ्यावर सोडतात. बेटावर दुकान नाही, खानावळ नाही, रात्रीचा मुक्काम नाही. जेवण आपलं आपण डब्यात न्यायचं आणि कचरा आपला आपण परत आणायचा.

आणि सोमवारी उद्यान बंद असतं.

आता पत्रक बघा. माझ्यासमोर आहे. वरच्या कोपऱ्यात फोटो, निळ्या पाण्यात लाकडी खांबांवर उभ्या केलेल्या झोपड्या, मध्ये लाकडी पूल. जिथे रात्री राहायलाच मनाई आहे त्या बेटावर या खोल्या कुणासाठी बांधल्या? फोटोखाली ओळ, "बेटावर गरमागरम शाकाहारी जेवण." जेवण शिजवणार कोण, वनखातं? वेळापत्रकात तारीख फक्त निघण्याची. पुढे "दिवस पहिला", "दिवस दुसरा" असंच आहे, वार कुठेच लिहिलेला नाही. बोट सफर ज्या दिवसापुढे लिहिली आहे तो निघण्याच्या तारखेपासून मोजत गेलं की सोमवार येतो. वार न लिहिण्याचं कारण दुसरं काही मला तरी दिसत नाही.

त्या दिवशी सकाळी आम्हाला गाडीत बसवलं आणि दहा मिनिटांत उतरवलं. शहरातल्याच धक्क्यावर. तिथे त्याचा तिथला माणूस उभा होता, गळ्यात ओळखपत्र, हातात यादी. नावं वाचली, केशरी जॅकेट घातले, बोटीत बसवलं. आमच्यात एक निवृत्त गुरुजी होते, भूगोल शिकवायचे. ते एकदा म्हणाले, "उद्यानाची बोट शहरातून कशी काय सुटते?" तो हसून म्हणाला, "सर, सब एक ही समुंदर है." बायामंडळी हसली, विषय संपला.

बोट लागली तिथे लाल-पांढरं दीपगृह. उतरल्या उतरल्या शहाळीवाले, मॅगीचे स्टॉल, रंगीत टोप्या, पाण्यावर धावणाऱ्या स्कूटरची आरडाओरड. काचेच्या तळाची होडी? तिचे वेगळे पैसे. आमच्याकडून परवान्यात घेतलेत म्हटलं, तर "वो अलग है". पोरांनी पैसे दिले, म्हाताऱ्या माणसांनी नाही दिले. सासूबाई किनाऱ्यावर बसून राहिल्या.

गुरुजी दीपगृहाकडे बघत होते. मग खिशातून पाकीट काढून आतली जुनी लाल वीसची नोट काढली, घडी उलगडली, मागची बाजू वर करून समोर धरली. नव्या वीसच्या नोटेवर वेरूळ आहे, पण जुन्या लाल नोटेच्या मागे झाडांच्या मधून समुद्र दिसतो, आणि ते चित्र याच नॉर्थ बेच्या परिसराचं आहे. गुरुजींनी वर्गात कितीतरी वर्षं पोरांना ती नोट दाखवली होती. नोट शहाळीवाल्यापुढे धरून त्यांनी विचारलं, "भाऊ, ये वही जगह है ना?" तो म्हणाला, "हाँ, यही है, नॉर्थ बे." मग जॉली बॉय कुठे? शहाळीवाल्याने दक्षिणेकडे हात केला. "वो तो वंडूर से जाते हैं. और आज थोड़ी ना जाएगा कोई, आज मंडे है."

गुरुजींनी तिथेच बोटांवर दिवस मोजले.

नॉर्थ बे वाईट जागा नाही, गैरसमज नको. पण ती त्या उद्यानात नाही, दिवसभराचीही नाही. दुपारच्या जेवणाला आम्ही हॉटेलवर परत होतो. आमच्या ह्यांनी त्या यादीवाल्याला धरलं, परवाने दाखव म्हणाले. आधी तो म्हणाला समुद्र खराब आहे म्हणून रद्द झालं. समुद्र तर अंगणासारखा सपाट पडला होता. मग म्हणाला सरकारने अचानक बंद ठेवलं. मग म्हणाला मालकाशी बोला. मालक, म्हणजे आपला गावाकडचा भाऊ, फोनवर म्हणाला, "अहो दादा, सरकारी कामात आपण काय करणार? गावी या, बसून बोलू."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, वंडूरला नेता आलं असतं. ते मागितलंही. तर हॅवलॉक बेटाच्या जहाजाचं तिकीट आधीच काढलेलं होतं. कार्यक्रम असा बसवलेला की सोमवार हुकला की हुकलाच.

गावी परतल्यावर त्याचं बोलणं बदललं. पत्रकाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात छापलंय, "हवामान किंवा शासकीय कारणामुळे स्थळात बदल होऊ शकतो, परतावा मिळणार नाही." हे बोट ठेवून दाखवलं त्याने. गुरुजी शांतपणे म्हणाले, बाबू, सोमवारची सुट्टी हे अचानक आलेलं कारण नाही. ती तू छापखान्यात गेलास तेव्हाही होती. ज्या दिवशी दार बंद असतं त्या दिवसाचं तिकीट तू विकलंस. यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मग त्याने पावत्यांचा मुद्दा काढला.

पावत्या आता नीट पाहिल्या तर प्रत्येकीवर "सहल वर्गणी" लिहिलेलं. जीएसटी क्रमांक नाही, कंपनीचं नाव नाही, शिक्का नुसता तालुक्याच्या नावाचा. परवान्याच्या पैशाची तर पावतीच नाही. त्याचं म्हणणं असं की मी धंदा करत नाही जी, आपण सगळ्यांनी मिळून वर्गणी काढून सहल केली, मी नुसती व्यवस्था पाहिली. पाया पडणारा माणूस हाच. दिग्रसकडच्या एका घरातून पुढे कळलं की त्यांची तुकडी आमच्या आधीच्या वर्षी गेली होती. त्यांनाही परवान्याचे पैसे भरायला लावले, त्यांचीही बोट सोमवारी, आणि तेही नॉर्थ बेलाच. कुणी विचारलं की सरकारवर ढकलता येतं, म्हणून हा वार. हिशोब सोपा आहे. माणशी दोन हजार आठशे गुणिले प्रत्येक तुकडीतली माणसं, आणि त्यातून फक्त शहरातल्या छोट्या बोटीचं भाडं वजा.

शेवटी त्याने तोड काढली. माणशी पाचशे परत देतो, आणि पुढच्या काश्मीर सहलीत सूट. काही घरांनी पाचशे घेतले, वाद नको म्हणून. त्यांना मी दोष देत नाही, त्याच्या भावकीत लग्नं झालेली आहेत. सासूबाई मात्र म्हणाल्या, "पाचशे कायले? मले जे दाखवतो म्हणला ते दाखव, नाही तं पुरे पैसे दे."

आम्ही काही घरं पुढे गेलो. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तिथे मराठीतही बोलता येतं. तक्रार नोंदवून त्यांनी क्रमांक दिला. त्याच्याकडून समाधान झालं नाही, म्हणून यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. हे करायला लोक घाबरतात, म्हणून सांगते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, अंदमानला जावं लागत नाही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची. ई-जागृती पोर्टलवरूनही अर्ज जातो, आमचा अर्ज गुरुजींच्या नातवाने भरून दिला. वर्गणीची पावती असली तरी पत्रक, फोनपेची नोंद आणि ग्रुपवरचे त्याचे संदेश सोबत जोडले आहेत. "उद्या बोट सफर, परवाने आले आहेत" असा आदल्या रात्रीचा त्याचा संदेश आहे, तो पहिल्या पानावर लावलाय.

ज्यांना खरंच जॉली बॉय पाहायचंय त्यांनी जरूर जावं. फक्त पैसे देण्याआधी पत्रकातल्या प्रत्येक दिवसापुढे पेनाने वार लिहून बघा. बोट कुठून सुटणार ते विचारा. वंडूर सोडून दुसरं काही नाव आलं तर ती उद्यानाची बोट नाही. परवान्याचे पैसे वेगळे मागितले तर वनखात्याचा परवाना निघाल्यावर त्याची प्रत पाहूनच द्या. कुणी बेटावर गरम जेवण देतो म्हणाला तर तिथूनच उठा. पावतीवर "वर्गणी" लिहू देऊ नका, "सहल शुल्क" लिहायला लावा, खाली सही आणि पूर्ण नाव घ्या. पैसे बायकोच्या, भाच्याच्या नंबरवर नको, व्यवसायाच्या खात्यावर द्या. ज्यांचे पैसे आजच ऑनलाइन गेलेत आणि माणूस फोन उचलत नाही, त्यांनी वाट न पाहता 1930 ला लावा, तो सायबर फसवणुकीचा नंबर आहे.

आयोगाकडून त्याला नोटीस गेली आहे आणि पुढची तारीख मिळाली आहे. दारव्हा, दिग्रस, पुसद भागातल्या ज्या घरांनी याच सफरीचे पैसे भरलेत, त्यांनी पत्रक आणि पावत्या फाडू नका, फोनमधले संदेश पुसू नका. आपापला अर्ज आयोगात करा. पाचशे घेतलेल्यांनीही करावा, तेव्हा कुणीही तडजोडीच्या कागदावर सही केलेली नाही.