काचबिंदूची जेनेटिक रिस्क टेस्ट: घ्यावी का? माझा रिव्ह्यू

आईला काचबिंदू आहे, एका डोळ्याची बाजूची नजर कायमची गेलीय, म्हणून लाळेचं सॅम्पल घरून पाठवायची ती जेनेटिक टेस्ट मी करून घेतली. कंपनीचं नाव देत नाही, टेस्टबद्दलच बोलायचंय.

किट सोपं आहे. आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, नळीत रेषेपर्यंत लाळ भरायची, फेस मोजायचा नाही, झाकण घट्ट फिरवलं की आतलं लिक्विड मिसळतं. झालं.

खरा मुद्दा रिपोर्टचा. पहिल्या भागात एकेक जीन तपासलेत, त्यात मुख्य मायोसिलिन, काचबिंदूशी नातं कळलेला हा पहिला जीन, 1997 मध्ये सापडला. यात दोष असला तर तरुणपणीच डोळ्याचं प्रेशर भयंकर चढू शकतं, पण मोठेपणी होणाऱ्या ओपन अँगल काचबिंदूत (हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) जेमतेम 2 ते 4 टक्के पेशंटमध्येच हा दोष मिळतो. म्हणजे इथे निगेटिव्ह आलं म्हणून कोणी सुटत नाही!! आणि हे रिपोर्टमध्ये हिरव्या टिकच्या खाली बारीक अक्षरात, मला हे अजिबात पटलं नाही, लोक टिक बघून खूश होणार आणि डोळे तपासायचं सोडून देणार.

दुसरा भाग पॉलिजेनिक स्कोअरचा, तो जास्त कामाचा. डीएनएतले ढीगभर छोटे छोटे फरक, एकटा कुठलाच फारसा काही करत नाही, पण सगळ्यांची बेरीज बोलते. 2020 च्या एका मोठ्या अभ्यासात स्कोअरमध्ये वरच्या 10 टक्क्यांतले लोक खालच्या 10 टक्क्यांपेक्षा 10 वर्षं आधीच त्याच धोक्याला पोचतात असं दिसलं. माझा स्कोअर वरच्या बाजूला आला.

पण हे आकडे मुख्यतः युरोपियन वंशाच्या लोकांच्या डेटावरून आलेत आणि बाकीच्यांना स्कोअर तितका नेमका लागत नाही. लॉक्सएल1 जीनचंच बघा, 2007 मध्ये आइसलँड आणि स्वीडनच्या लोकांत त्याचा काचबिंदूच्या एका प्रकाराशी संबंध सापडला, पुढे जपानी लोकांत बघितलं तर त्यातल्या एका जागी धोका वाढवणारं डीएनएचं अक्षर नेमकं उलटं निघालं. रिपोर्टमध्ये यावर एक ओळही नाही, हा मोठा दोष आहे.

रिपोर्ट घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी स्कोअर बघितला, पण जास्त वेळ आईबद्दलच विचारलं, कधी कळलं, प्रेशर किती होतं. मग प्रेशर, कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाची) जाडी, ओसीटी म्हणजे डोळ्याच्या नर्व्हचा स्कॅन, फील्ड टेस्ट म्हणजे बाजूच्या नजरेची तपासणी, सगळं केलं. प्रेशर नॉर्मल, पण कॉर्निया पातळ, आणि पातळ कॉर्नियात मशीनवर प्रेशर खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतं हे मला तिथे कळलं. हे कुठल्याही लाळेच्या नळीतून समजलं नसतं. नर्व्ह सध्या ठीक आहे, आता ठराविक काळाने दाखवत राहायचं.

तर घ्यावी का? तपासणीला टाळाटाळ करणाऱ्याला हलवायला स्कोअर उपयोगी आहे, निदान म्हणून शून्य. घरात कोणाला तरुणपणीच काचबिंदू झाला असेल तर मात्र घरगुती किट नको, जेनेटिक काउन्सेलरकडून नीट टेस्ट करा. आणि फॉर्म भरताना डेटा रिसर्चला द्यायची टिक आधीच केलेली असते, ती वाचून मगच पुढे जा.

बहिणीने किटची लिंक मागितली होती, तिला मी आधी डोळ्याची बाहुली मोठी करून नर्व्ह बघून घ्यायला पाठवलंय.