दोन नावं की गेस्ट नेटवर्क?

फोन-लॅपटॉप लगेच जोडले जातात, पण स्मार्ट प्लग किंवा जुना प्रिंटर काही केल्या वायफाय पकडत नाही, तेव्हा पासवर्ड बहुधा बरोबरच असतो. राउटर सहसा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर (लहरींच्या पट्ट्यांवर) वायफाय देतो. अशी बरीच स्वस्त उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि २०१८ साली आलेलं डब्ल्यूपीए३ हे वायफायचं नवं सुरक्षा तंत्र त्यातल्या अनेकांना कळत नाही.

पहिला उपाय: २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला वेगळी नावं द्यायची, २.४ वर त्याआधीचं डब्ल्यूपीए२ ठेवायचं. प्लग जोडताना फोनही त्याच नावावर हवा. तोटा एवढाच, की घरात फिरताना फोन कधी कधी क्षीण झालेल्या ५ गिगाहर्ट्झलाच चिकटून राहतो.

दुसरा उपाय: राउटरमध्ये सोय असेल तर फक्त २.४ वर, डब्ल्यूपीए२ लावलेलं गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठी असतं ते मुख्य नेटवर्कपासून वेगळं वायफाय. मुख्य नेटवर्कवरचं डब्ल्यूपीए३ तसंच राहतं आणि ज्यांना वर्षानुवर्षं अपडेट मिळत नाहीत अशी उपकरणं तुमच्या लॅपटॉपपासून लांब राहतात. मला हे फार मोलाचं वाटतं. पण याच वेगळेपणामुळे गेस्टवरचा प्रिंटर लॅपटॉपला सहसा दिसतच नाही.

त्यामुळे अडलेला प्रिंटर असेल तर पहिला उपाय करा. नुसते प्लग आणि बल्ब असतील तर गेस्टच बरं. ते बहुतेक कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालतात, फोन कुठल्याही नेटवर्कवर असला तरी अडत नाही.